फोनच तर उचलायचा, त्याला परीक्षा कसली?

नातेवाईक विचारतात, नवी भरती झालेली मुलं विचारतात, प्रशिक्षणाचा खर्च मंजूर करणारेही विचारतात. आपत्कालीन फोन घ्यायला सर्टिफिकेट कशाला? पत्ता विचारायचा, गाडी पाठवायची, संपलं. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीटच सांगते.

नियम सगळीकडे सारखे नाहीत. इंटरनॅशनल अकॅडमीज ऑफ इमर्जन्सी डिस्पॅच या संस्थेचं वैद्यकीय डिस्पॅचरचं, म्हणजे फोन घेऊन गाडी पाठवणाऱ्याचं, सर्टिफिकेट हवं तर तीन दिवसांचा कोर्स, सीपीआरचं, म्हणजे हृदय बंद पडल्यावर छाती दाबून रक्त फिरतं ठेवण्याचं, प्रशिक्षण आणि ५० प्रश्नांची परीक्षा. पास व्हायला ८० टक्के. दर दोन वर्षांनी नूतनीकरण, त्यासाठी २४ तासांचं शिक्षण. अमेरिकेतल्या फ्लोरिडात २३२ तासांचं प्रशिक्षण लागतं, पण देशभर एकच नियम तिथेही नाही. शिवाय तिथल्या सरकारी वर्गीकरणात हे काम कार्यालयीन साहाय्यकांच्या गटात टाकलंय. याचा मला आजही राग येतो.

सुरुवातीला माझंही मत तुमच्यासारखंच होतं. समोरचं माणूस रडत असताना ठरलेले प्रश्न वाचून दाखवायचे, हे मला निर्दयपणाचं वाटायचं.

मग तो फोन आला. नवरा पडलाय, उठत नाही, असं ती म्हणाली. शुद्धीवर आहेत का? नाही. श्वास नेहमीसारखा चालू आहे का? "हो, घोरतायत." शिकलेलं नसेल तर हे ऐकून कुणालाही हायसं वाटेल. हृदय बंद पडल्यावर पहिल्या काही मिनिटांत असे आचके येतात, त्याला श्वास म्हणायचं नसतं. मी म्हटलं, "पुढचा श्वास घेतील तेव्हा 'आता' म्हणा." ती म्हणाली, "आता." त्यानंतर बराच वेळ काहीच नाही. मग ती ओरडली, "प्रश्न काय विचारताय, गाडी पाठवा ना!" गाडी केव्हाच निघाली होती. मी बोलत असतानाच शेजारच्या सहकाऱ्याने ती रवाना केली होती. हे सांगितलं, तरी तिला खरं वाटलं नाही.

त्यांना जमिनीवर उताणं झोपवा, छातीच्या मधोमध तळहात ठेवा, किमान पाच सेंटिमीटर दाबा. मिनिटाला १०० ते १२०. मी मोजत होते, ती दाबत होती. मध्येच ती थांबली. "काहीतरी मोडलं." बरगडी मोडू शकते, तरी थांबायचं नाही. तेच वाक्य, त्याच आवाजात, मी पुन्हापुन्हा म्हणत राहिले. तिने परत सुरू केलं. मग दारात माणसं आल्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला. पुढे काय झालं, ते आम्हाला कुणी कळवत नाही.

तो 'आता'चा प्रश्न मला प्रशिक्षणानेच दिला, स्वतःहून कधीच सुचला नसता. आवाज स्थिर ठेवणं मात्र मी एका ज्येष्ठ सहकारी बाईंच्या शेजारी बसून शिकले. पुढे त्याच बाई नूतनीकरणाच्या लेखी परीक्षेत नापास झाल्या आणि त्यांना फोनवरून हटवलं. त्यांच्याइतकं घाबरलेल्या माणसाला धरून ठेवणारं मी दुसरं कुणी ऐकलेलं नाही. तो निर्णय मला तेव्हा पटला नाही, आजही पटत नाही. पण म्हणून परीक्षाच काढून टाका असं कुणी म्हणालं, की मी त्याच्याशीही भांडते.