आहेर आणि सायलेन्सर

दुपारी डोळा लागत आला होता, तेवढ्यात शेजारचं पोरगं लग्नपत्रिका घेऊन आलं. जाड पुठ्ठा, सोनेरी कड, कोपऱ्यात गणपती, लिपी आपलीच. तारीख मात्र मंसिर २०८२. त्याच्या आजोबांनी चष्मा वर-खाली करून ती वाचली आणि निवांत म्हणाले, "मग घाई कामून करायलास? अजून सत्तावन्न वर्षं हायत की."

आजोबांचं गणित बरोबर होतं, फक्त संवत वेगळा. नेपाळात सरकारी कागदापासून लग्नपत्रिकेपर्यंत विक्रम संवत चालतो. आपल्या शके १९४७ मध्ये १३५ मिळवले की त्यांचं २०८२ येतं. खरी गोम महिन्यात आहे. आपला मार्गशीर्ष चंद्राच्या हिशेबानं चालतो आणि त्यांचा मंसिर सूर्याच्या. तो नोव्हेंबरच्या मध्याला लागतो आणि डिसेंबरच्या मध्याला संपतो. पुढे पौषात लग्नं नाहीत, म्हणून सगळी गर्दी त्याच महिन्यात. लग्न काठमांडूला, मित्र लहानपणापासूनचा नव्हे तर हॉस्टेलचा (म्हणजे जास्त जवळचा), आणि पोरगं नांदेडहून मोटरसायकलवर निघणार. गोरखपूरपर्यंत रेल्वेनं जाता येतं, हे त्याला सांगण्यात अर्थ नव्हता.

तसं लग्नाला गाडीवर जाणं मराठवाड्याला नवीन आहे थोडंच! टाकीवर धाकटं, मध्ये थोरलं, मागे त्यांची आई आणि तिच्या मांडीवर जुन्या साडीत बांधलेला आहेराचा स्टीलचा डबा. खड्डा आला की डब्याचं झाकण वाजायचं आणि पुढच्याला न सांगता कळायचं की सगळे अजून बसलेले आहेत. ते अंतर वीस-पंचवीस किलोमीटरचं. हे साधारण सोळाशे. यवतमाळ, वर्धा, नागपूर, सिवनी, जबलपूर, रीवा, प्रयागराज, गोरखपूर, मग सुनौलीची सीमा. रोज साडेतीनशे धरले तर पाच दिवस.

अशा वेळी सगळे इंजिनाची काळजी करतात. इंजिन बिचारं काही म्हणत नाही. तक्रार असते ती चैनची. मिस्त्री गाडी डबल स्टँडवर घेतो, चैन बोटानं वर-खाली करतो आणि मधोमध अडीच-तीन सेंटिमीटर ढील ठेवतो. रिकाम्या गाडीला ते ठीक. मागे वीस-पंचवीस किलो लादले की शॉकअप दबतात आणि तीच चैन ताणली जाते. ताणलेली चैन आधी स्प्रॉकेटचे, म्हणजे ती ज्यावर फिरते त्या चाकाचे, दात खाते, मग बेअरिंग. म्हणून सामान बांधून, वर माणूस बसवून मगच ढील बघावी. तेल दर पाचशे किलोमीटरला, तेही मुक्कामी पोचल्याबरोबर, चैन गरम असताना. सकाळी निघताना सोडलेलं तेल आत मुरत नाही, ते उडून मागच्या बॅगेवर जातं. आणि त्या बॅगेत पैठणी असते.

आता पैठणीचं. मित्राच्या बायकोला मराठवाड्याकडून दुसरं काय न्यायचं? पैठणी नाहीतर हिमरू शाल. हिमरू सोयीची, सुती-रेशमी, हलकी, दडपली तरी रुसत नाही. पैठणीची जरतार मात्र घडीवर मोडते. ती मलमलीत गुंडाळावी, घडीच्या आत जुना सुती टॉवेल घालून घडी गोल ठेवावी आणि बॅगेच्या मधोमध कपड्यांच्या गादीत निजवावी. टाकीवरच्या बॅगेत ठेवली तर पेट्रोलचा वास लागतो आणि तो धुऊन जात नाही. सायलेन्सरच्या बाजूच्या बॅगेत तर मुळीच नको. रिकामी असताना ती बॅग सायलेन्सरपासून चार बोटं लांब दिसते, भरली की टेकते. कृत्रिम धाग्याच्या बॅगेला तिथं भोक पडायला एक घाट पुरतो. त्या बाजूला हत्यारं, ट्यूब, प्लग, चैनचं लॉक असला निगरगट्ट माल भरावा. जादा क्लच वायर मात्र बॅगेत नकोच. जुनीच्या शेजारून ओढून पट्टीनं बांधून ठेवली की रस्त्यात दहा मिनिटांत बदलते.

फेट्याबद्दल माझं मत टोकाचं आहे. तयार फेटा नेऊ नये. तो हेल्मेटएवढी जागा खातो आणि नागपूर येईस्तोवर त्याचा तुरा झोपतो. आठ-नऊ मीटरचं मोकळं कापड गुंडाळलं की मुठीत मावतं. बांधता येत नसेल तर शिकावं. सोळाशे किलोमीटर गाडी हाकणाऱ्याला आठ मीटर कापड जड जाऊ नये.

आणि नखं. अक्षता टाकताना फोटो निघतो आणि त्यात नखाखालची ग्रीसची काळी रेघ सगळ्यात आधी दिसते. नंतर लिंबू, साखर, रॉकेल काहीही चोळा, ती आठवडाभर राहते. उपाय आधी करायचा असतो. चैनला हात लावण्यापूर्वी ओल्या साबणाच्या वडीवर नखं ओरबाडायची. नखाखाली साबण भरला की ग्रीसला जागाच उरत नाही, आणि हात धुताना साबण आपोआप निघतो. हे कुठल्याही मिस्त्रीला माहीत असतं, तरी त्याची नखं काळीच असतात.

गोरखपूरकडे त्या दिवसांत धुकं असतं. पहाटे निघण्याची आपली खोड तिथं चालत नाही, ऊन वर आल्यावरच निघावं. सीमेवर आधार कार्ड चालत नाही. १५ ते ६५ वयाच्या माणसाला पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. व्हिसा नाही. गाडीच्या विम्याची पॉलिसी आपल्या हद्दीपुरती असते, जादा हप्ता भरून तीत नेपाळ घालून घेता येतो. गाडीला भन्सार, म्हणजे जकातीची चिठ्ठी. ती दिवसांच्या हिशेबानं मिळते आणि परतताना दाखवावी लागते. माणसाला मुदत नाही, गाडीला आहे. मुदत उलटली की दंड, म्हणून मागतानाच दोन दिवस जास्तीचे मागावेत. लग्नघरचे लोक पाहुण्याला लवकर सोडत नाहीत, हे जकातवाल्यांनाही ठाऊक असणार.

आपल्या शंभराचे तिथं एकशे साठ होतात. हा दर १९९३ पासून ठरलेला आहे. पाकिटातले पाचशे एक तिथले आठशे एक रुपये साठ पैसे. वरच्या साठ पैशांचं काय करायचं, हा प्रश्न आहेर लिहिणाऱ्यावर सोडावा. घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करायचं. आपल्याकडे पंधरा मिनिटांच्या उशिराला उशीर म्हणत नाहीत, त्यामुळे मुहूर्त चुकण्याची भीती नाही.

काठमांडूतली मोठी लग्नं पार्टी प्यालेसमध्ये लागतात. आपल्या मंगल कार्यालयाचा तो श्रीमंत चुलतभाऊ, रोषणाई अशी की नवरा-नवरी शोधावे लागतात. वरातीला म्हणतात जन्ती. तिच्यापुढे नऊ वाद्यांचा नौमती बाजा, त्यातला नरसिंगा आपल्या तुतारीच्या घरचा. नवरी घालते ती माळ दुर्वांची. आपण गणपतीला एकवीस वाहतो, तिथं गळाभर. या सगळ्या थाटावर तिथं १९७६ पासून कायदा आहे: वरातीत ५१ पेक्षा जास्त माणसं नेऊ नयेत. कायदा आहे, आणि वरातही आहे.

कागदांत एक राहिलंच. सीमेवर गाडीचं मूळ आरसी बघतात, आणि गाडी दुसऱ्याच्या नावावर असेल तर त्याचं संमतिपत्र जवळ हवं. पोरानं आरसी काढून दाखवलं. नाव सासऱ्यांचं. दोन वर्षांपूर्वी याच्याच लग्नात ती गाडी हार घालून मांडवाबाहेर उभी होती, आम्ही सगळे तिच्याभोवती फिरून सीट दाबून बघत होतो. पत्रावर सासऱ्यांची सही लागेल. हप्ते अजून चालू असतील, तर बँकेचं पत्रही जवळ असलेलं बरं.