मराठी शाळेचा कारभार: लोकल फंडापासून संच मान्यतेपर्यंत

वाडीतल्या शाळेचा पट वीसच्या खाली आला की चर्चा सुरू होते, शाळा बंद होणार का? मग कुणी आमदारांना निवेदन देतं, कुणी थेट जिल्हा परिषदेत जाऊन बसतं. पण शिक्षक किती द्यायचे हे कुठे ठरतं आणि दुरुस्तीचा पैसा कुठून येतो, हे ठाऊक नसेल तर ही धावपळ फुकट जाते.

थोडा इतिहास आधी. इंग्रजी अमलात १८६० च्या दशकात शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकल फंड म्हणजे स्थानिक कर बसला, त्यातला तिसरा हिस्सा शाळांसाठी होता. म्हणजे कोकणातली मराठी शाळा पहिल्यापासून रयतेच्या पैशावर उभी आहे. १८८४ च्या कायद्याने लोकल बोर्डं आली, पुढे जिल्हा स्कूल बोर्ड, आणि १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा सुरू झाल्यावर खेड्यातल्या शाळा त्यांच्याकडे गेल्या. त्या वेळी बाणकोटपासून तेरेखोलपर्यंत एकच रत्नागिरी जिल्हा होता. सिंधुदुर्ग वेगळा झाला १ मे १९८१ ला. शहरातल्या नगर परिषदेच्या शाळांचा कारभार निराळा. त्यामुळे हद्दीवरच्या वाडीने अर्ज करण्याआधी आपली शाळा जि. प. ची की न. प. ची, एवढं पाहून घ्यावं.

जि. प. शाळेची साखळी अशी: आसपासच्या शाळा मिळून केंद्र, त्यावर केंद्रप्रमुख, काही केंद्रांचं मिळून बीट, त्याला विस्तार अधिकारी, तालुक्याला पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी, जिल्ह्याला शिक्षणाधिकारी (प्राथमिक), आणि त्यांच्या वर मुख्य कार्यकारी अधिकारी. थेट वर दिलेला अर्ज अभिप्रायासाठी पुन्हा केंद्रप्रमुखांकडेच उतरतो आणि त्यात महिने जातात. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव करावा, मुख्याध्यापकांच्या पत्रासह तो गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्यावा, पोच घ्यावी आणि एक प्रत वर पाठवावी. समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, अध्यक्षही पालकच. ठराव नुसता सह्यांपुरता झाला तर त्याला वजन राहत नाही. किती वर्ग, किती मुलं, नेमकं काय मोडलंय हे त्यात लिहिलेलं हवं.

शिक्षकांची पदं ठरतात संच मान्यतेत, म्हणजे पटावरून शाळेची पदं मंजूर करण्याच्या प्रक्रियेत. ३० सप्टेंबरचा पट धरतात, आणि आता ऑनलाइन नोंदीत आधार जुळलेली मुलंच मोजली जातात. कोकणात घोळ इथेच होतो. मुंबईहून परतलेल्या कुटुंबातल्या मुलाच्या आधारवर नाव एक आणि दाखल्यावर दुसरं, जन्मतारीख वर्षाने पुढेमागे, किंवा जुन्या शाळेने ऑनलाइन दाखला सोडलेलाच नसतो. मूल रोज वर्गात बसतं आणि कागदावर नसतं. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि एकसष्टाव्या मुलाला तिसरा. त्या एका मुलाचं आधार अडकलं तर पद जातं. जुलैमध्येच प्रत्येक मुलाचं नाव, जन्मतारीख आणि लिंग जुळवून घ्यावं. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आधार केंद्रावर रांग लावून काही होत नाही.

मंजूर पद म्हणजे वर्गात उभा शिक्षक, असंही नाही. आंतरजिल्हा बदलीने घाटावरचे शिक्षक आपल्या जिल्ह्यात परत जातात, जागा रिकामी राहते, आणि शेजारच्या शाळेतले गुरुजी कामगिरीवर पाठवले जातात. एका शाळेचं भोक बुजवताना दुसरीला पाडलं जातं.

छोट्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार २०२३ मध्ये पुढे आला. घाटावर गाव एका जागी असतं. कोकणात ते वाड्यांत विखुरलेलं. कायद्यात पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी. नकाशावर ते अंतर भरतं, पण मधे पऱ्या (ओढा) असतो आणि साकव पावसाळ्यात पाण्याखाली जातो. सहा वर्षांच्या पोराने तिथून जायचं कसं? शाळा हलवण्याच्या प्रस्तावावर हरकत घेताना जुलैतल्या वाटेचे फोटो आणि पायवाटेने मोजलेलं अंतर जोडा. भावनिक निवेदनापेक्षा हे जास्त टिकतं.

इमारतीचं सांगायचं तर समग्र शिक्षा या सरकारी योजनेचं संयुक्त अनुदान पटावर मिळतं: तीस मुलांपर्यंत वर्षाला १०,००० रुपये, शंभरपर्यंत २५,०००. त्यात खडू, वीजबिल, स्वच्छता सगळं. कौलं चाळणं, कुजलेल्या रिपा बदलणं एवढं जेमतेम बसतं. छपराची अख्खी बाजूच उतरवायची असेल तर जि. प. बांधकाम विभागाच्या अभियंत्याचं अंदाजपत्रक लागतं. ते दिवाळीनंतर लगेच करून घ्या, म्हणजे मार्चअखेरच्या आत काम निघण्याची आशा. धोकादायक खोली निर्लेखन (दप्तरातून ती कमी करणं) मंजूर झाल्याशिवाय पाडता येत नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात दापोली-मंडणगडात शाळांची छपरं उडाली, तेव्हा पंचनामा आणि फोटो वेळेत झाले की नाही यावर पुढचं बरंच अवलंबून होतं.

सगळ्यात मोठी अडचण मात्र जमिनीची. आजोबांनी तोंडी शब्दावर शाळेला जागा दिली, जांभ्याच्या भिंती उभ्या राहिल्या, पण सातबारा सामायिकच राहिला. आज त्यावर तीस-चाळीस नावं, निम्मी मुंबईत. नवीन खोलीसाठी पैसा मंजूर होतो आणि जागा शाळेच्या नावावर नाही म्हणून परत जातो. शाळेचा सातबारा आणि ग्रामपंचायतीचा नमुना आठ आजच काढून बघा. नाव नसेल तर गणपतीत चाकरमानी घरी असताना सगळ्या हिस्सेदारांना एकत्र बसवून बक्षीसपत्राचं बोला, आणि जे येऊ शकत नाहीत त्यांच्याकडून कुलमुखत्यारपत्र घ्या.