शॉक बसला, पण हृदयाची लय बिघडलीच नव्हती : माझा अनुभव

आयसीडी, म्हणजे हृदयाची लय सांभाळणारे छोटे मशीन, छातीत बसवलेल्या माणसाला त्या मशीनचा शॉक बसला, की घरचे, शेजारचे आणि कधीकधी डॉक्टरही एकच अर्थ काढतात : हृदयाची लय जीवघेणी बिघडली होती आणि मशीनने वाचवले. पुष्कळदा ते खरेही असते. माझ्या बाबतीत तसे नव्हते, आणि ते कळेपर्यंतचा काळ आम्हा दोघांना फार जड गेला, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

मी परभणी जिल्ह्यातला निवृत्त शिक्षक. हृदयाचे पंपिंग ३५ टक्क्यांच्या खाली गेले होते, शिवाय वरच्या कप्प्यांतून खाली जाणारा विद्युत संदेशही अडकत होता. त्यामुळे डाव्या बाजूला गळ्याच्या हाडाखाली आयसीडी बसवली. ठोका आला नाही तर हे मशीन बारीक विद्युत संदेश देऊन तो पाडते, आणि खालच्या कप्प्यांत अतिवेगवान, विस्कळीत लय सुरू झाली तर मोठा शॉक देऊन ती मोडते. दोन्ही निर्णयांचा आधार एकच असतो : मशीनपासून हृदयात गेलेल्या वायरने आतून टिपलेला संदेश.

पहिला शॉक तुरीचे पोते ओट्यावर चढवताना बसला. आधी डोळ्यांपुढे अंधारी आली, पाय लटपटले, आणि पाठोपाठ छातीत आतून लाथ बसावी तसा दणका बसला. दुसरा शॉक पहाटे शौचाला जोर करताना बसला. तेव्हाही आधी अंधारी, मग दणका. गावात सगळ्यांनी विहिरीवरच्या मोटरीला दोष दिला आणि मुलाने माझे मळ्यात जाणे बंद केले. ही शंका अगदीच निराधार नव्हती, कारण अर्थिंग नीट नसलेल्या मोटरीतून अंगात उतरणारी वीज आयसीडीची दिशाभूल करू शकते. पण दोन्ही वेळा मोटर माझ्या आसपासही नव्हती. जवळच्या शहरातल्या डॉक्टरांनी, अंधारी आली म्हणजे लय बिघडलीच, असे धरून अमिओडॅरोन ही लय ताब्यात ठेवणारी गोळी सुरू केली. मशीनमधली नोंद कोणी पाहिली नाही, कारण ती वाचणारे यंत्र, म्हणजे प्रोग्रामर, तिथे नव्हते. ज्या कंपनीचे मशीन, तिचाच प्रोग्रामर लागतो, आणि आपल्या भागातल्या रुग्णाची खरी अडचण मला हीच वाटते.

शेवटी छत्रपती संभाजीनगरला हृदयाच्या लयीच्या तज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "गुरुजी, शॉक बसला त्या क्षणी नेमके काय करत होता?" मी पोत्याचे सांगितले. तेवढ्यात सौ. म्हणाली, "डॉक्टरसाहेब, ह्यांनी श्वास कोंडून धरला होता. तोंड लालबुंद झालं होतं." डॉक्टरांनी ते वाक्य तसेच कागदावर लिहून घेतले.

एक्स-रेमध्ये वायर जागेवर होती, तिचा विद्युत अवरोधही नेहमीइतकाच होता, त्यामुळे वायर तुटल्याची शक्यता मागे पडली. मग शॉक देण्याची सोय तेवढ्यापुरती बंद करून मला खाटेवर निजवले आणि प्रोग्रामरचा वाटीसारखा भाग छातीवर ठेवला. दोन्ही तळवे एकमेकांवर दाबायला सांगितले. पडद्यावरची रेघ स्वच्छ राहिली. खोकायला सांगितले, रेघ जराशी हलली. "आता खोल श्वास घ्या, धरा आणि पोटाला जोर लावा," असे म्हणताच दोन उंच ठोक्यांमधल्या सपाट रेघेवर बारीक, दाट काटे उठले, श्वास सोडताच ते विरले. दोन्ही शॉकच्या वेळची साठवलेली नोंद हुबेहूब अशीच होती. विजेच्या गळतीचे काटे एकसारखे, सेकंदाला ५० आवर्तनांच्या तालावर येतात. माझे काटे मात्र श्वासाबरोबर वाढत आणि ओसरत होते.

ते संदेश छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याच्या, म्हणजे श्वासपटलाच्या, स्नायूचे होते. विस्कळीत लयीच्या लहरी अतिशय बारीक असू शकतात, त्या निसटू नयेत म्हणून प्रत्येक ठोक्यानंतर आयसीडी आपली संवेदनशीलता आपोआप वाढवत नेते. माझ्या मशीनमध्ये ती ०.३ मिलिव्होल्टपर्यंत जात होती. काही वायरी टोक आणि त्याजवळचे लहान कडे यांच्यामधला संदेश टिपतात. माझी वायर मात्र टोक आणि शॉक देणारी लांब कॉइल यांच्यामधला टिपते, त्यामुळे तिच्या कक्षेत श्वासपटलही येते. स्नायूचे ते संदेश मशीनला ठोके वाटले आणि त्याने पेसिंग, म्हणजे ठोका पाडणारे संदेश देणे, थांबवले. माझे हृदय पेसिंगवरच चालत असल्यामुळे ठोकेच पडेनात, म्हणून अंधारी आली. आणि काटे भराभर येत राहिल्याने मशीनने ती विस्कळीत लय समजून शॉक दिला. अंधारीचे कारण मशीनचे थांबणे होते, हे समजले तेव्हा माझ्या मनावरचा भार उतरला.

उपाय साधा वाटतो, पण त्यात जोखीम असते. संवेदनशीलता कमी करून ०.६ मिलिव्होल्टवर आणली (हा आकडा जितका मोठा, तितकी संवेदनशीलता कमी), तेव्हा काटे दिसेनासे झाले. मात्र मशीन इतके बहिरे होता कामा नये की खरी विस्कळीत लयही त्याला ऐकू येणार नाही. म्हणून मला गुंगी देऊन, मुद्दाम ती लय सुरू करून मशीनने ती वेळेत ओळखली आणि मोडली, याची खात्री केली गेली. होकार देताना सौ.चा हात थरथरत होता, तरी सही तिनेच केली. अमिओडॅरोन बंद झाली. थायरॉइड आणि फुप्फुसांवरचे तिचे परिणाम बाजूला ठेवले तरी दीर्घकाळ घेतल्यास लय मोडायला लागणारी शॉकची ताकदही ती वाढवू शकते, असे डॉक्टरांनी सांगितले.

आयसीडी असलेल्यांना माझी कळकळीची विनंती आहे. एकच शॉक बसला आणि नंतर बरे वाटत असेल तरी त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. लागोपाठ शॉक बसले किंवा बरे वाटत नसेल तर सरळ रुग्णालय गाठा. शॉकच्या क्षणी उभे होता की वाकलेले, श्वास धरला होता का, अंधारी आधी आली की नंतर, हे लिहून ठेवा आणि मशीनमधली नोंद वाचून घेण्याचा आग्रह धरा. मी आता पोते उचलत नाही, बद्धकोष्ठ होऊ देत नाही, आणि प्रत्येक तपासणीत श्वास धरून तीच चाचणी करून घेतो. पुन्हा काटे दिसले तर बॅटरी बदलण्याची वाट न पाहता, संदेश टिपण्यासाठी टोकाजवळ वेगळे कडे असलेली नवी वायर घालायची, असे डॉक्टरांशी ठरले आहे.