आई म्हणजे आजी

अल्बम मीच बनवला होता. घर, मागचं अंगण, शेजाऱ्यांचं कुत्रं, आणि पहिल्याच पानावर आम्ही दोघं. खाली ठळक अक्षरांत 'आई' आणि 'बाबा'. न्यू जर्सीहून तो ओडिशातल्या संस्थेत पोचला आणि तिथल्या मावशींनी मुलांना रोज दाखवला. मे २०१९च्या शेवटी आम्ही प्रत्यक्ष समोर जाऊन बसलो, तेव्हा साडेचार वर्षांच्या धाकट्याने मला नीट बघून घेतलं, केसांकडे जरा जास्तच, आणि बहिणीच्या कानात काहीतरी पुटपुटला. दोघंही खुदखुदायला लागली. मावशी ओशाळल्या. मग मोडक्या हिंदीत खुलासा झाला: ओडियात आई म्हणजे आईची आई. इतके महिने ही पोरं आपल्याला न्यायला आजी येणार म्हणून वाट बघत होती.

मूल दत्तक घ्यायला नाव नोंदवलं होतं २०१७ साली. भारत आणि अमेरिका दोन्ही देश परदेशी दत्तकाबद्दलच्या हेग करारात असल्यामुळे थेट एखाद्या आश्रमात जाऊन मूल पसंत करणं हा प्रकारच नसतो. अमेरिकेतली मान्यताप्राप्त संस्था, दिल्लीतली 'कारा' म्हणजे दत्तकाचं काम बघणारी केंद्र सरकारची संस्था, आणि मधे कागदांचा डोंगर. आमच्या नातेवाइकांना हे शेवटपर्यंत पटलं नाही. "अगं, आमच्या ओळखीचे एक ट्रस्टी आहेत," असे फोन मी दोन वर्षं घेतले.

घराच्या पाहणीला समाजसेविका आल्या. धूर झाला की वाजणारे अलार्म, औषधांच्या कपाटाचं कुलूप, पगाराच्या स्लिपा, बोटांचे ठसे, हे सगळं अपेक्षित होतं. पण "तुमचं शेवटचं भांडण कशावरून झालं?" या प्रश्नाची तयारी नव्हती. आम्ही दोघांनी वेगवेगळी भांडणं सांगितली. त्यांनी दोन्ही लिहून घेतली.

वयाचंही गणित असतं. नवराबायकोच्या वयाची बेरीज करतात. चार ते आठ वर्षांच्या मुलासाठी ती शंभरच्या आत लागते. आमची तेव्हा एकोणनव्वद होती. तान्ह्या बाळासाठी बहुतेकांची रांग असते. सात वर्षांची बहीण आणि तिचा भाऊ अशी जोडी म्हटली की रांग एकदम आखडते. ऑगस्ट २०१८मध्ये मेल आला. ९६ तासांत 'राखून ठेवा' आणि मग ३० दिवसांत स्वीकारा. राखून ठेवा! जणू एसटीची सीट. दोन फोटो, वैद्यकीय अहवाल, आणि आधीच्या आयुष्याबद्दल जेमतेम काही ओळी. त्या ओळी मुलांच्या आहेत, इथे लिहीत नाही.

पुढे अमेरिकन दूतावासाचं पत्र, काराचं ना-हरकत, मग कोर्ट. (आता सप्टेंबर २०२२पासून हा आदेश कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात.) मार्चमध्ये आदेश झाला. ६ मेची तिकिटं काढली, आणि ३ मेला फनी वादळ पुरीजवळ किनाऱ्यावर आदळलं. चार दिवस संस्थेचा फोन लागेना. कायद्याने आमची झालेली मुलं कुठल्या छपराखाली आहेत हे कळायला मार्ग नव्हता. पाचव्या दिवशी मावशींचा मेसेज आला, "पत्रे गेले, मुलं ठीक." आम्ही पोचलो तेव्हाही भुवनेश्वरच्या रस्त्यांच्या कडेला उन्मळून पडलेल्या झाडांचे ओंडके रचून ठेवलेले होते.

आल्या आल्या नेऊ असं वाटलं होतं, पण धाकट्याच्या नावाचं स्पेलिंग आदेशात एक आणि जन्मदाखल्यात दुसरं निघालं. एका अक्षरापायी पासपोर्ट तीन आठवडे अडला. चूक कोणाची, हे विचारायला गेलं की सगळे खिडकीतून पुढच्या खिडकीकडे बोट दाखवायचे. तेव्हा मी रडले होते. आज वाटतं ते तीन आठवडे नसते तर आम्ही चार अनोळखी माणसं म्हणून विमानात बसलो असतो.

मधेच रजो सण आला. तीन दिवस जमीन नांगरायची नाही, भूमीला विश्रांती, आणि पोरींनी झोके घ्यायचे. संस्थेच्या अंगणात वादळातून वाचलेल्या एकाच आंब्याला दोर बांधला होता. थोरली त्यावर उभी राहून झोका चढवायची. बाकी वेळी मात्र एकदम शहाणी. जेवतेस? "हउ." झोपतेस? "हउ." हा फ्रॉक आवडला? "हउ." हउ म्हणजे हो, बरं. मी खूश होते. अमेरिकेतल्या समाजसेविकेला फोनवर कौतुकाने सांगितलं तर त्या म्हणाल्या, "प्रत्येक गोष्टीला हो म्हणणारं मूल घाबरलेलं असतं." त्यानंतर तो शब्द ऐकला की पोटात गलबलायचं.

दिल्लीत टीबीची रक्ततपासणी, व्हिसा, आणि 'उघडायचं नाही' अशी ताकीद दिलेलं सीलबंद पाकीट. हॉटेलात पहिल्या रात्री धाकटा झोपेत "नानी, नानी" करून रडायला लागला. नवऱ्याचा चेहरा पडला. याला आता आजी कुठून आणू? तेवढ्यात थोरली उठून त्याच्या शेजारी जाऊन झोपली. ओडियात नानी म्हणजे थोरली बहीण.

दुसऱ्या दिवशी सांगलीला व्हिडिओ कॉल लावला. मी सवयीने म्हटलं, "आई, दिसतेय का गं?" धाकट्याने मान वर केली. स्क्रीनवर पांढऱ्या केसांची बाई, आणि मी तिला आई म्हणतेय. त्याच्या हिशेबात सगळं चोख बसलं. "आई!" तो ओरडला. आईला वाटलं आपल्या लेकीची जागा आपल्याला दिली, ती घाईघाईने "मी नाही रे बाळा, ही" म्हणत राहिली. पण तो ठराव कायम झाला. सांगलीची ती आई, मी मा.

नेवार्कला अधिकाऱ्याने पाकीट घेतलं, शिक्के मारले. या व्हिसावर दत्तक मुलं अमेरिकेत पाऊल ठेवताच नागरिक होतात, पण तेव्हा तो नागरिक माझ्या खांद्यावर लाळ गाळत झोपला होता. घरी पोचायला रात्रीचे अकरा वाजले. कुकर लावला. उरलेल्या भातात थोरलीने न विचारता पाणी ओतलं, वर ताट झाकलं आणि ओट्यावर ठेवून दिलं. पखाळ. रात्रभर आंबवून सकाळी खायचा पाण्यातला भात.

सकाळी सहाला भांड्याचा आवाज आला म्हणून खाली गेले. ती स्टुलावर उभी राहून बोटाने चव घेत होती.

"आंबला नाही," ती कपाळाला आठ्या घालून म्हणाली. "घर फार गार आहे. तो एसी बंद कर."