दोन ठोक्यांमधली जागा

डेथ मेटल, म्हणजे हेवी मेटलचा एक टोकाचा प्रकार, त्यातलं ड्रमिंग घ्या: लय २४० बीपीएम (मिनिटाला २४० मात्रा), मात्रेला चार ठोके, किकवर, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमवर, दोन्ही पाय आळीपाळीने. हिशेब सोपा आहे: सेकंदाला १६ ठोके, दोन ठोक्यांत ६२.५ मिलिसेकंद, प्रत्येक पायाच्या वाट्याला सेकंदाला आठ. सेकंदाच्या ठोक्यांचा आकडा सोळावरून विसाच्या पुढे गेला की कानाला ठोके सुटे लागेनासे होतात आणि त्यांचा खर्जातला सूर व्हायला लागतो. म्हणजे डेथ मेटलचा ड्रमर जिथे बसलेला असतो, तिथून ताल संपून घरघर सुरू व्हायला फारसं अंतर उरलेलं नसतं. या संगीताला ‘नुसता गोंगाट’ म्हणणारे अगदीच चुकत नाहीत. ते त्या सीमेच्या चार पावलं पलीकडे उभे असतात, इतकंच.

अलीकडे यायचं असेल तर बीपीएम मोजत बसू नये. स्नेअर, म्हणजे ड्रमरच्या पुढ्यातला तडतडणारा ड्रम, कानाने धरावा.

ब्लास्ट बीट, म्हणजे या संगीतातला सलग धडाक्याचा ठेका, रचनेने हसू येईल इतका साधा आहे. उजवा हात सिम्बलवर (झांजेवर), त्याच्याच जोडीने उजवा पाय किकवर, आणि त्या दोघांमधल्या रिकाम्या जागेत डावा हात स्नेअरवर. हॅमर ब्लास्ट या प्रकारात हे सगळं एकाच क्षणी पडतं. बॉम्ब ब्लास्टमध्ये खाली दोन्ही पाय सलग धावतात आणि वर स्नेअर निम्म्या गतीने. एस.ओ.डी. या बँडच्या १९८५ च्या ‘मिल्क’ गाण्यात चार्ली बेनान्टेने हा ठेका वाजवलेला आहे, आणि ‘ब्लास्ट बीट’ या नावाचं श्रेय बहुतेक जण नेपाम डेथ बँडचा ड्रमर मिक हॅरिसला देतात. त्यांच्या १९८७ च्या ‘स्कम’ अल्बमवर हा ठेका ऐकू येतो, अजून बऱ्यापैकी ओबडधोबड. त्या ओबडधोबडपणाचीही एक मजा आहे, पण तो वेगळा विषय.

खरी परीक्षा डाव्या हाताची. सेकंदाला सात-आठ ठोके, प्रत्येक सारख्याच आवाजाचा, आणि तेही मिनिटभर. यात नेमकं काय बिघडतं ते कळलं की ऐकायची गोडी वाढते. आधी मूठ आवळली जाते. मूठ आवळली की मनगट वाकवणारे आणि सरळ करणारे स्नायू एकाच वेळी ताणले जातात, एकमेकांविरुद्ध ओढत राहतात आणि पुढचा हात ताठतो. मग काठी कातड्यावरून आपसूक उसळेनाशी होते, प्रत्येक वेळी उचलावी लागते. ठोका मधोमध पडायचा तो कडेकडे सरकतो आणि स्नेअर किरकिरा, बारीक वाजायला लागतो. शेवटी डावा हात उजव्याच्या इतका जवळ सरकतो की दोन ठोक्यांचा फ्लॅम होतो, म्हणजे ते जवळजवळ एकावर एक पडतात. गाण्याच्या तिसऱ्या मिनिटाला स्नेअरचा आवाज पातळ झाला, तर समजावं की ड्रमर आता काठीशी भांडतो आहे. काठीची उंची कमी केली की वेग येतो पण आवाज जातो. दोन्ही राखायचे तर काम मनगटाकडून बोटांकडे सोपवावं लागतं. जोरावर हा वेग येत नाही, सैल सोडण्यावर येतो. ग्रॅव्हिटी ब्लास्ट, म्हणजे काठी रिमवर (ड्रमच्या कडेवर) टेकवून जाताना एक आणि येताना एक असे दोन ठोके काढणं, बघायला जबरदस्त असतो. ऐकायला मला तो क्वचितच आवडतो, कारण त्यात स्नेअरचा गाभाच निघून जातो.

पायांचं गणित वेगळं. साधारण १६०-१७० बीपीएमपर्यंत मांडीसकट पाय उचलून भागतं. त्यापुढे हालचाल घोट्यात आणावी लागते. मधला पट्टा सगळ्यात त्रासदायक, कारण तिथे मांडीला फार जलद होतं आणि घोट्याला फार संथ. काही जण टाच प्रत्येक ठोक्याला आत-बाहेर फिरवतात. त्याला स्विव्हल म्हणतात, आणि नाइल बँडचा जॉर्ज कोलियास त्यासाठी प्रसिद्ध आहे. पेडलची स्प्रिंग फार घट्ट असेल तर पाय लवकर थकतात, फार सैल असेल तर बीटर, म्हणजे किकवर आदळणारा हातोडा, वेळेत परत येत नाही. एकाच किकवर जोडपेडल लावलं की डावा ठोका आडव्या दांड्यातून जातो. त्याचे सांधे झिजले की डावी बाजू कमी बोलते आणि बिचाऱ्या पायाला दोष मिळतो.

या संगीतातल्या किकच्या टाइपरायटरसारख्या टकटक आवाजाला नाकं मुरडली जातात, पण त्यामागे साधं भौतिकशास्त्र आहे. ५० हर्ट्झच्या लहरीचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. ६२.५ मिलिसेकंदांत अशी जेमतेम तीन आवर्तनं बसतात, तोवर पुढचा ठोका येऊन पडतो. घुमणारी किक ठेवली तर सगळ्याचा चिखल होणार. म्हणून घुमारा दाबायचा आणि बीटरचा टक् वर आणायचा. ड्रमला लावायचं ट्रिगर हे उपकरणही त्यासाठीच: कातड्याची थरथर ओळखून तो तयार आवाज सोडतो. ट्रिगर लावला की कुणीही वाजवू शकतं, हा निव्वळ गैरसमज. तो जोराचा कमी-जास्तपणा झाकतो, पण वेळेतली चूक उलट लख्ख करून दाखवतो. संवेदनशीलता जास्त ठेवली तर स्नेअरच्या हादऱ्यानेही किक वाजते. एका ठोक्यानंतर ट्रिगरने कान बंद ठेवण्याचा अवधी लांबवला तर खरे ठोकेच गिळले जातात. माझी तक्रार ट्रिगरबद्दल नाहीच. ती रेकॉर्डिंगनंतर प्रत्येक ठोका संगणकावरच्या ग्रिडवर, म्हणजे मोजून आखलेल्या जागी, ओढून बसवण्याबद्दल आहे. मॉर्बिड एंजल बँडच्या १९८९ च्या ‘ऑल्टर्स ऑफ मॅडनेस’ अल्बमवर पीट सँडोव्हल वाजवतो तेव्हा लय किंचित पुढे झुकते, आणि तो झुकाव पुसला तर उरतं काय?

वेग म्हणजेच अवघड, असंही नाही. मेशुगा बँडचं २००८ चं ‘ब्लीड’ हे गाणं घ्या. मूळ लय मध्यम. हात सरळ चार मात्रा धरून असतात, आणि खाली टोमास हाकेचे पाय दोन जलद, दोन त्याच्या निम्म्या गतीचे असे ठोक्यांचे गट पेरत जातात. सलग धावणाऱ्या पायांना एक ठेवण सापडते, ती सांभाळली की झालं. इथे ती दर क्षणी मोडून पुन्हा धरावी लागते.

ड्रमर जोखायचा असेल तर ब्लास्ट संपतो ती जागा ऐकावी. अर्ध्या लयीत उतरताना अंगात जुना वेग असतोच, त्यामुळे पहिला ठोका बहुधा केसभर लवकर पडतो आणि जड रिफचा (गिटारच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्याचा) दणका निसटतो. मुरलेला माणूस तिथे हात आवरतो, गिटारला आधी पोहोचू देतो आणि मग स्नेअर टाकतो.