ताशा, अंगठा आणि नऊ आठवडे

काल दुखण्यानंतर पहिल्यांदा वीस मिनिटं ताशा वाजवला आणि आज सकाळी पोळ्या लाटताना अंगठा दुखला नाही. जूनमध्ये 'मनगट धरलंय' एवढंच लिहून गप्प झाले होते. ढोल-ताशा पथकातल्या दोघीतिघींनी 'तुझं पुढे काय झालं, आमचंही दुखतंय' असं विचारलं, म्हणून सगळं सलग टिपून ठेवतेय.

पहिला आठवडा. पुण्यात म्हात्रे पुलाजवळ नदीपात्रात सराव सुरू होऊन सहा दिवस झाले होते. तर्री (ताशावरचे सलग जलद ठोके) चढवताना उजव्या अंगठ्याच्या बुडाशी, मनगटाच्या कडेला, सुरी फिरवल्यासारखी कळ आली. हात थांबवला नाही. हीच चूक. त्या रात्री कुकरचं झाकण फिरवता येईना, ओला टॉवेल पिळता येईना, सकाळी गाडीची किल्ली फिरवताना डोळ्यांत पाणी आलं. घराजवळच्या दवाखान्यात 'लचक आहे, तेल लावून चोळा' असं सांगितलं. चार दिवस रगडून चोळलं आणि सूज वाढली.

दुसरा आठवडा. निदान खरं तर वहिनीनं केलं. तिचं बाळ चार महिन्यांचं, आणि बाळाला दोन्ही बगलांत धरून उचलताना तिचंही नेमकं तिथेच दुखायचं. तिनं मला अंगठा मुठीत घालून मूठ करंगळीकडे वाकवायला लावली. मी ओरडलेच. पुढे हाताच्या डॉक्टरांनी तपासून तेच नाव सांगितलं: डी क्वेरव्हेन. फ्रिट्झ डी क्वेरव्हेन या स्विस शल्यविशारदानं १८९५ मध्ये याचं वर्णन केलं होतं. अंगठा बाहेर ओढणारे आणि सरळ करणारे दोन स्नायुबंध मनगटाच्या कडेला एकाच अरुंद बोगद्यातून जातात. अंगठ्याची चिमूट घट्ट धरून मनगट पुन्हा पुन्हा आडवं हललं की त्या बोगद्याचं आवरण जाड होतं आणि आतले बंध घासायला लागतात. बाळ उचलणारी आई आणि ताशा वाजवणारी मी, दोघींचा अंगठा दिवसभर तेच काम करत होता. (घरी ही चाचणी करून बघणार असाल तर दोन्ही हातांवर करा. थोडा ताण निरोगी हातालाही जाणवतो, फरक बघायचा असतो.)

तिसरा ते पाचवा आठवडा. अंगठा आणि मनगट एकत्र धरून ठेवणारा पट्टा. नुसत्या मनगटाचा पट्टा इथे फारसा उपयोगी नाही, कारण अंगठा मोकळाच राहतो. काड्यांना हात लावायचा नाही. शेक नाही, सराव नसतानाही संध्याकाळी दहा मिनिटं बर्फ. आराम पडला नाही तर बोगद्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन, आणि तेही चाललं नाही तर आवरण मोकळं करण्याची छोटी शस्त्रक्रिया, असं डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. मला इंजेक्शनची वेळ आली नाही. याबद्दल एवढंच.

या तीन आठवड्यांत मी सरावाला जाऊन नुसती बसायचे आणि इतरांचे हात बघायचे. तेव्हा कळलं की 'हात दुखतो' हे एक दुखणं नाहीच. आमच्यातला एक जण टिपरू (ढोल वाजवायची काठी) धरायच्या हाताच्या कोपरावर बोट ठेवायचा, बाहेरच्या बाजूला; पाण्याचा तांब्या उचलतानाही त्याला कळ यायची. तो टेनिस एल्बो, टेनिस कधी न खेळता. दुसरीला रात्री झोपेतून उठून हात झटकावा लागायचा. अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर, करंगळी मात्र शाबूत. ते मनगटाच्या पुढच्या बाजूनं जाणाऱ्या नसेवर दाब आल्यानं होतं. तिला लॅपटॉपचं काम जास्त, ढोल कमी.

आणि एक जण पावसानं निसरड्या झालेल्या पायऱ्यांवर ढोलासकट घसरला, हात टेकून पडला. एक्स-रे स्वच्छ आला, तिसऱ्या दिवशी तो वाजवायला परत. अंगठा ताणला की बुडाशी जो खळगा पडतो, तिथे दाबलं की त्याचा चेहरा बदलायचा. दोन आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे काढला, तेव्हा स्कॅफॉइड नावाच्या छोट्या हाडाची चीर दिसली. या हाडाला रक्तपुरवठा उलट्या दिशेनं, बोटांकडच्या टोकाकडून होतो. चीर दुर्लक्षिली तर ते बऱ्याचदा जुळतच नाही. म्हणून हात टेकून पडलात आणि त्या खळग्यात दुखत असेल, तर पहिल्या एक्स-रेवर विसंबू नका. हे मी कळकळीनं लिहितेय.

सहावा, सातवा आठवडा. पट्टा फक्त रात्री. ताशाप्रमुख दादांनी माझा जुना व्हिडिओ बघितला आणि म्हणाले, "अगं, तू काडी धरत नाहीस, चिमटीत मुरगळतेस. आणि मनगट कुठल्या कुठे जातंय बघ." खरंच, तर्री घेताना माझा तळहात आतल्या बाजूला वळलेला, अंगठा वर, आणि मनगट अंगठ्याकडून करंगळीकडे डुगडुगत होतं. म्हणजे प्रत्येक ठोका थेट त्या बोगद्यावर. त्यांनी तळहात जमिनीकडे वळवायला लावला. काडी अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या पेरामध्ये सैल टेकवायची, मागची बोटं तिला फक्त झेलणार, आणि काडी पानावरून, म्हणजे ताशाच्या वरच्या पडद्यावरून, आपोआप उसळू द्यायची. पहिले दोन दिवस आवाज फुसका आला, तिसऱ्या दिवशी ठोके सुटे पडायला लागले. काड्यांच्या मुठीवर बॅडमिंटनच्या रॅकेटची पट्टी गुंडाळली, त्यानं मूठ जाड झाली आणि चिमूट आपोआप ढिली पडली.

आठवा आठवडा. आधी उशीवर पाच मिनिटं, मग ताशावर पाच, पुढे आठ. दुसऱ्या दिवशी दुखलं तर आदल्या दिवसाच्या वेळेवर परत. एकदा परत गेले.

नववा आठवडा. काल वीस मिनिटं, मध्ये दोनदा काड्या खाली ठेवून. एक नंबरचा हात (वादनाचा एक ठेका) स्वच्छ, तर्री अजून कच्ची; डावा हात पुढे पळतो. रविवारी पूर्ण पथकासोबत उभी राहणार आहे, दर दहा मिनिटांनी मागच्या रांगेत येईन असं दादांना सांगून ठेवलंय. पट्टा पिशवीत असेल.