'कामाचे नसलेले': सेवियाच्या दफ्तरात पाच आठवडे

तिसऱ्या दिवशी मला पहिला शब्द लागला: 'दिचो'. कारकुनाने तो पुरता लिहिलेलाच नव्हता. द, त्याला बिलगलेला ह आणि शेवटी एक ओ, बस्स. स्पॅनिशमधला 'दिचो' म्हणजे आपल्या जुन्या कागदांतलं 'सदरहू' किंवा 'मजकूर'. सदरहू गाव, सदरहू सरदार, सदरहू रहिवासी. एकदा तो डोळ्यांत बसल्यावर त्याच पानावर आणखी नऊ ठिकाणी सापडला, आणि तोवर भिंतीसारखं वाटणारं पान पहिल्यांदा वाचण्यासारखं दिसू लागलं.

हे पान १५१४ सालच्या एका यादीतलं. एस्पान्योला बेटावर, म्हणजे आज जिथे हैती आणि डोमिनिकन प्रजासत्ताक आहेत तिथे, रोद्रिगो दे आल्बुर्केर्के या अधिकाऱ्याने तिथल्या मूळ रहिवाशांची स्पॅनिश वसाहतवाल्यांमध्ये वाटणी केली. कोणाला किती माणसं मिळाली, त्याची ही गावागावाने केलेली नोंद. ही माणसं ताइनो. त्यांची भाषा अरावाक कुळातली. त्याच कुळातली लोकोनो भाषा गयाना आणि सुरिनाममध्ये अजून काही लोक बोलतात.

मी पुण्यात स्पॅनिश शिकवते. मला स्पेनमधल्या सेवियाला नेलं ते 'बटाटा' या शब्दाने. वर्गात एका मुलीने विचारलं होतं, "मॅडम, बटाटा आपला की पोर्तुगिजांचा?" पोर्तुगिजांनी आणला, हे मला ठाऊक होतं. पण 'बाताता' हा शब्द मुळात ताइनोंचा, आणि त्यांच्याकडे त्याचा अर्थ रताळं, हे त्या रात्री शोधताना कळलं. आपला बटाटा अँडीज पर्वतातून आला, नाव मात्र कॅरिबियन बेटावरच्या रताळ्याचं घेऊन. तंबाखूचं नावही बहुतेक त्याच लोकांकडून आलेलं. आणि साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो कसावा म्हणजे त्यांचं रोजचं अन्न. माझ्या आईच्या एकादशीच्या ताटात जे होतं, ते पिकवणाऱ्या माणसांबद्दल मला एक ओळ माहीत नव्हती. ते मला फार लागलं. त्यांच्याबद्दलचा एक तरी मूळ कागद स्वतः वाचायचा, असं मी ठरवलं.

व्हिसा, भाड्याची खोली आणि रजा यांत सात महिने गेले.

सेवियाचं 'आर्चिवो हेनेराल दे इंदियास' कॅथेड्रलच्या शेजारी आहे. १७८५ साली राजा तिसरा कार्लोस याने वसाहतींचे कागद एका जागी आणायला ते सुरू केलं. सोळाव्या शतकातली मूळ इमारत व्यापाऱ्यांसाठी बांधलेली. वाचनकक्ष रस्त्यापलीकडच्या दुसऱ्या इमारतीत. पासपोर्ट दाखवून वाचकपत्र मिळालं. कागद ठेवतात त्या गठ्ठ्याला तिथे 'लेगाहो' म्हणतात, म्हणजे बांधलेला. पुण्याच्या पेशवे दफ्तरातले रुमाल आठवले आणि परकेपणा थोडा कमी झाला. मग समजलं, ज्या कागदांची छायाचित्रं झाली आहेत त्यांचे मूळ गठ्ठे सहसा हातात देत नाहीत. ते पडद्यावर पाहायचे. इतक्या लांब येऊन पडदाच, म्हणून दिवसभर मन उदास होतं. आता वाटतं, बरंच झालं. पडद्यावर अक्षर मोठं करता येतं, आणि तीच पानं घरूनही उघडता येतात.

कोणाला हे काम करायचं असेल तर एक गोष्ट आधी सांगते, कारण माझे त्यात चार दिवस गेले. सूचीत 'अरावाक' किंवा 'ताइनो' शोधून काही हाती लागत नाही. ही नावं नंतरच्या अभ्यासकांनी रूढ केली. कारकुनाच्या लेखी ते सगळे 'इंदियो'. शोधायचं तर 'इंदियो', 'एस्पान्योला', 'रेपार्तिमिएंतो', म्हणजे वाटप. आपण शोधत असलेल्या लोकांचं नावच त्यांच्या कागदात नाही, हे मला तिथल्या खुर्चीवर बसून कळलं.

लिपीचं म्हणाल, तर मला मोडीने वाचवलं. बारा वर्षांपूर्वी मोडी शिकवणारे आमचे गुरुजी म्हणायचे, "अक्षर वाचू नका, हाताची चाल वाचा." त्या काळच्या स्पॅनिश कारकुनांचं धावतं लिखाण असंच असतं: लेखणी उचलायची नाही, दोन शब्दांत जागा सोडायची नाही, नेहमीचे शब्द तोडून लिहायचे. राजश्रीचं जसं 'रा।', तसं क्रिस्तोबालचं ग्रीक अक्षरांनी सुरू होणारं तुटक रूप. रोमन अंकांत शेवटच्या एकाला खाली शेपूट. मी गुरुजींची पद्धत धरली. एकाच हाताच्या लिखाणातून प्रत्येक अक्षराचे नमुने वहीत उतरवले, दिवसाला पाचच ओळी लावल्या, आणि शंका असेल तिथे चौकटी कंस घातला, अंदाज नाही. ही यादी एकोणिसाव्या शतकात माद्रिदला छापली गेली आहे. ते पुस्तक मी फक्त संध्याकाळी, माझ्या ओळी तपासायला उघडत असे. आधी उघडलं असतं तर डोळा कधीच तयार झाला नसता.

तरी एक मोठी चूक झाली. प्रत्येक वाटेकऱ्याच्या नावाखाली 'नाबोरिया' येई आणि मी ते माणसाचं नाव समजून दहा-बारा दिवस एकट्या नाबोरियाची नोंद करत राहिले. तो ताइनो शब्द आहे: जे कोणत्याही सरदाराच्या, कासीकेच्या, माणसांत मोजले जात नाहीत, थेट स्पॅनिश घरात चाकरीला असतात, ते. मी एकेक धरलेल्या ठिकाणी तीन, सात, अकरा माणसं होती. सगळ्या बेरजा पुन्हा केल्या. ती माणसं माझ्याही वहीतून गळली होती, याचं वाईट अजून वाटतं.

यादीतली नोंद साधारण एकाच साच्यातली. अमुक गावचा अमुक रहिवासी, त्याच्या स्वाधीन अमुक कासीके आणि कामाची इतकी माणसं. मग त्याच कासीकेने नोंदवलेले म्हातारे, 'के नो सोन दे सेर्विसियो', कामाचे नसलेले. मग मुलं, तीही कामाची नसलेली. कासीकेंना बाप्तिस्म्याची स्पॅनिश नावं. काही ठिकाणी स्त्री-सरदार, कासीका. बाकी सगळे आकडे. काही वाटेकरी तर बेटावर कधी राहिलेही नाहीत. स्पेनच्या दरबारात बसलेले बिशप फोन्सेका आणि सचिव कोन्चियोस यांनाही माणसं मिळाली, खुद्द राजालाही.

चौथ्या आठवड्यात मी मुलांचा रकाना वेगळा काढला. चाळीस माणसांमागे मुलं पाच. पुढच्या नोंदीत तीन. त्यानंतर एकही नाही. मी वाचनकक्षात बसून होते आणि पुढची ओळ लावायचं बळ येईना. गाव चालू राहील एवढीही मुलं नव्हती, आणि ते सांगायला कारकुनाला एक शब्दही लिहावा लागला नव्हता. सोन्याच्या खाणींतली सक्ती, शेतं सोडून जावं लागल्याने पडलेली उपासमार, आजार, तुटलेली घरं. बाविसाव्या वर्षी हिशेब इथे आला होता. १४९२ साली बेटावर किती लोक होते याबद्दल अभ्यासकांचे आकडे एकमेकांपासून फार दूर आहेत, पण सगळेच या यादीतल्या पंचवीस हजारांच्या आसपासच्या संख्येहून पुष्कळ मोठे आहेत. देवीची साथ तर अजून यायची होती. ती १५१८ च्या शेवटी आली.

आणि कोणाला कळत नव्हतं असंही नाही. २१ डिसेंबर १५११ ला सांतो दोमिंगोच्या चर्चमध्ये आंतोनियो दे मोन्तेसिनोस या साधूने याच वसाहतवाल्यांना तोंडावर विचारलं होतं की ही माणसं नाहीत का. पुढच्या वर्षी बुर्गोसचे कायदे झाले. त्यांत वागणुकीचे नियम होते, वाटप कायम होतं. ही यादी त्यानंतरची आहे. तो प्रश्न ऐकून झाल्यावर केलेली.

त्या दिवशी शेजारच्या टेबलावरचे डोमिनिकन आजोबा मला बाहेर कॉफीला घेऊन गेले. ते स्वतःच्या गावाचे कागद शोधत होते. मी म्हटलं, "सगळीकडे लिहिलंय की ते लोक संपले." ते थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "माझी आजी युका किसायची, पिळून त्याचं विषारी पाणी काढायची आणि तव्यावर कासाबे भाजायची. शेताच्या तुकड्याला आम्ही कोनुको म्हणतो. हे तिला कोणी शिकवलं असेल, मुली?" युका म्हणजे कसावा, कोनुको हा ताइनो शब्द, कासाबे ही त्यांची भाकरी. मी त्यांना साबुदाण्याबद्दल सांगितलं. त्यांनी त्याचं नाव माझ्याकडून तीनदा म्हणून घेतलं आणि वहीत लिहिलं.

पाच आठवड्यांत माझी दोनच गावं झाली. उरलेली आता घरून लावते, रोज रात्री जेवणं आटोपली की पाच ओळी. छापील पुस्तकात आहे तर कशाला, असं माझा मुलगा विचारतो. मी त्याला वही दाखवली. तिच्यात मी प्रत्येक आकडा मोडून तितक्या उभ्या रेघा मारल्या आहेत, एका माणसाला एक रेघ; म्हाताऱ्यांना आणि मुलांनाही. तो बराच वेळ पानं उलटत होता. सध्या मी आसुआ गावावर आहे. काल एका कासीकाच्या नावाखालच्या सतरा रेघा झाल्या, त्यांत मुलं दोन.